पाच नंबरचं तेल

“हे तेल कुणी घातलं?”

मिस्त्री गाडीखालून बाहेर आला तो हे विचारतच. उजव्या हाताचं बोट त्यानं उन्हात धरलं होतं. बोटावर काळपट तेल होतं आणि त्यात बारीक बारीक सोनेरी कण चमकत होते.

“मीच,” आमचे हे म्हणाले.

मी गॅरेजच्या दारातल्या बाकावर बसले होते, ती ऐकून उभीच राहिले. कारण तेल ह्यांनी घातलं नव्हतं. ते जावयानं घातलं होतं, आमच्या अंगणात, माझ्या डोळ्यांदेखत, आणि त्या कामापायी माझी चांगली चटई कायमची वाया गेली होती.

“तुम्ही?” मिस्त्रीचा विश्वास बसेना. “सर, चार आणि पाचातला फरक मला तुम्हीच शिकवलात की!”

“वय झालं रे. होते चूक.”

“मला कळेल असं सांग काय झालंय ते,” मी म्हटलं. ह्यांच्याकडून काही कळायचं नाही, हे मला लग्नानंतर आठवड्याभरातच समजलं होतं.

मिस्त्रीनं बोट फडक्याला पुसलं. “काकू, गिअरबॉक्समध्ये पितळेच्या रिंगा असतात. गिअर बदलताना दोन चक्रं एकमेकांना भिडायची असतात. एक जोरात फिरत असतं, एक हळू. ही रिंग मध्ये पडते, घासते, दोघांना एका वेगावर आणते. मग गिअर लोण्यासारखा पडतो. असल्या जुन्या गाडीला चार नंबरचं तेल लागतं. हे पाच नंबरचं आहे. महाग असतं, जोरदार असतं, पण ते मागच्या एक्सलसाठी. इथं घातलं की इतकं गुळगुळीत होतं की रिंगेला पकड मिळत नाही, आणि वर त्यातलं औषध पितळ खातं. हे चमकतंय ना, त्या रिंगाच आहेत तुमच्या.”

“मग नव्या टाक.”

“ह्या गाडीच्या? बनवणारी कंपनी बंद पडून जमाना झाला. कुठं दिसल्या तर मलाच सांगा. आत्ता हे काढून चार नंबरचं भरतो, म्हणजे आहेत तेवढ्या तरी वाचतील. अर्ध्या तासाचं काम.”

“आज नको,” हे म्हणाले.

“सर, रोज झिजतायत त्या.”

“नको म्हटलं ना आज.”

आम्ही गुडघ्याच्या डॉक्टरांकडून परत येत होतो. ह्यांचा डावा गुडघा कुरकुरत होता, आणि वाटेत गाडीही कुरकुरली म्हणून मिस्त्रीकडे वळलो होतो. परत गाडीत बसल्यावर मी ह्यांच्या पायांकडे पाहत राहिले. एका गिअरला हे क्लच दोनदा दाबत होते आणि प्रत्येक वेळी ओठ मिटून घेत होते.

“खोटं कशाला बोललात?”

वळण संपेपर्यंत हे बोलले नाहीत. वळणावर बोलायचं नाही, ही ह्यांची जन्माची शिस्त. “जावयाचं नाव गॅरेजात कशाला घ्यायचं?” वळून झाल्यावर म्हणाले.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं, तेल चुकलंय ते?”

“डबा बघितला तेव्हाच.”

आता मला ह्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या ह्यांनी आयुष्यभर एकच धंदा केला, लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. एक गाडी, आत्ताची हीच, तिच्या छपरावर पाटी आणि शेजारच्या सीटपुढे जास्तीचा ब्रेक, एवढंच भांडवल. गावातले निम्मे डॉक्टर, झाडून सगळे शिक्षक आणि दोन न्यायाधीश ह्यांच्या शेजारी बसून घामाघूम झालेले आहेत. एवढ्या लोकांनी ओढला, ढकलला, कुटला, तरी त्या गाडीचा गिअरबॉक्स हूं की चूं न करता चालला. आणि ह्यांचा स्वतःचा हात असा, की गिअर कधी बदलला ते मागे बसलेल्याला कळायचं नाही. चहाचा भरलेला कप मांडीवर घेऊन मी बाजारातून घरी आलेली आहे, थेंब न सांडता. कुणाला थाप वाटली तर वाटो. ह्यांनी कसली बढाई मारली नाही आयुष्यात, पण ‘सरांचा हात’ असं कुणी म्हटलं की चेहरा असा व्हायचा, जसा दुसऱ्या एखाद्याचा आपल्या मुलाला पहिला नंबर मिळाल्यावर होत असेल.

आमची लेक शाळेतून आली की त्याच गाडीत मागे बसून गृहपाठ करायची, आणि शिकणाऱ्यांना तिथूनच सूचना द्यायची. “काका, क्लच! काकू, आरसा बघा!” ह्यांनी तिचं नाव कंडक्टर ठेवलं. घरात तिला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारलीच नाही. मोठी होऊन कॉलेजात गेली, तरी तिची मागची सीट काही सुटली नाही.

जावई म्हणजे ह्यांचा सगळ्यात ढ विद्यार्थी. त्याच्या हातात गिअर आला की गाडीत दळण सुरू झाल्यासारखं वाटायचं. एक कोर्स झाला, दुसरा झाला, तरी हा येतोच आहे. आम्ही म्हणायचो, काय चिकाटीचा मुलगा! पुढे कळलं की चिकाटी गाडीसाठी नव्हती, हा गुडघ्याला बाशिंग बांधून मागच्या सीटसाठी येत होता. लग्न ठरलं तेव्हा हे म्हणाले, “माणूस सोन्यासारखा आहे. फक्त गाडी कंडक्टरनं चालवावी.” आणि तसंच झालं, दोघांच्या संसारात गाडी तीच चालवायची. लग्नाआधी हे त्याला “अरे गाढवा” म्हणायचे, लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून “अहो जावईबापू”. एका रात्रीत गाढवाचा बापू झाला म्हणून आम्ही मायलेकी किती हसलो होतो. मीही त्याला तोंडावर अहोजाहो करते. मनात मात्र ‘तो’च म्हणते, कारण माझ्या स्वयंपाकघरात येऊन त्यानं लायसन्सच्या परीक्षेआधी रडून घेतलेलं मी पाहिलंय.

मग कंडक्टर आजारी पडली.

आमच्या इथल्या डॉक्टरांनी एक सौम्य, सावकाशीचा उपचार सांगितला होता. जावयाला तो पटला नाही. तो तिला मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला आणि तिथल्या डॉक्टरांना म्हणाला, तुमच्याकडे सगळ्यात वरचं जे असेल ते द्या. त्यांनी दिलं. लेकीच्या अंगाला ते सोसलं नाही. इथे राहून वाचली असती का? डॉक्टर म्हणाले, नसती, फार तर थोडं लांबलं असतं. आम्ही त्यावर विश्वास ठेवला. जावयानं ठेवला का, ते आम्हाला कळलं नाही, कारण त्या विषयावर आमच्यात कधी एक शब्द झाला नाही. तो यायचा, खुर्चीच्या कडेला बसायचा, पाणी प्यायचा, “येतो आई” म्हणून निघून जायचा. आम्ही दोघं त्याच्याशी काचेचं भांडं उचलावं तसं जपून बोलायचो. अशा येण्यानं कुणाचं समाधान होत नाही, पण येणं थांबेल ह्या भीतीनं माझा जीव जायचा. आमचं असं दुसरं होतं कोण?

आणि एका रविवारी तो हातात तेलाचा मोठा डबा घेऊन आला. गाडी बरेच दिवस उभी होती. “बाबा, गिअरबॉक्सचं तेल बदलू या,” म्हणाला. “मी बदलतो. मला फक्त कुठला बोल्ट ते दाखवा.”

ह्यांनी डबा हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवून त्यावरचं वाचलं, आणि वाचून झाल्यावरही बराच वेळ डब्याकडेच बघत राहिले. मला वाटलं, गहिवरले असतील.

“दुकानात चारपण होतं,” जावई म्हणाला. “पण म्हटलं, बाबांच्या गाडीला चार कशाला? सगळ्यात वरचं द्या.”

“वा,” हे म्हणाले. “एकदम भारी आणलंत.”

मग माझी चटई गेली. दोघं गाडीखाली शेजारी शेजारी उताणे पडले. आधी नुसते पाय दिसत होते आणि पान्याचा आवाज येत होता. मग जावयाच्या कपाळावर तेलाची धार पडली आणि हे हसले. मग तोही हसला. लेक गेल्यापासून मी त्याला हसताना ऐकलं नव्हतं, खरं सांगायचं तर ह्यांनाही नव्हतं. त्या तेलाला कुजक्या अंड्यासारखा वास होता, अंगणभर तो सुटला होता, आणि मी चहा घेऊन दारात उभी राहून देवाचे आभार मानत होते. त्या दिवशी तो जेवून गेला.

“मग तेव्हाच थांबवलं का नाहीत?” गाडीत मी ह्यांना विचारलं.

“तो काय म्हणाला ते ऐकलंस ना? सगळ्यात वरचं मागितलं.” ह्यांनी गाडी कडेला घेऊन थांबवली. “त्याला मी सांगू, की वरचं असतं ते बरोबरच असतं असं नाही? मी सांगू?”

 समोरच्या काचेतून रस्त्यावरची माणसं जात-येत होती आणि आम्ही दोघं कडेला गाडी लावून नुसते बसलो होतो.

“तर मग चोरून बदला,” मी शेवटी म्हटलं. “मिस्त्री अर्ध्या तासात करून देतो म्हणाला. जावयाला काय कळणार आहे?”

“तो दर वेळी विचारतो, बाबा, तेल कसं चाललंय? त्याचं तेल काढून फेकायचं आणि वर छान म्हणायचं? ते मला नाही जमणार.” हे थोडं थांबले. “वर्षानं तेल बदलायचंच असतं. वर्ष भरलं की आपण होऊनच निघेल. तोवर ओढतो मी कसंतरी. आणि तू त्याला काही बोलायचं नाहीस.”

“नाही बोलत.”

“तुझा शब्द?”

“दिला म्हटलं ना!”

तर त्या वर्षात ह्यांनी गाडी कशी चालवली ते ऐका. रिंगांना काम करायला लागू नये म्हणून दर गिअरला क्लच दोनदा, एकदा गिअर काढायला, एकदा घालायला, आणि गिअर उतरवताना दोन्हींच्या मध्ये अंदाजानं जराशी रेस द्यायची. म्हणजे रिंगांचं काम आपल्या पायानं करायचं. फार जुन्या गाड्यांत असंच करावं लागायचं म्हणे. ह्यांच्या हाताची कमाल अशी, की बाहेरच्याला काहीच ऐकू यायचं नाही. पण पाय दोनदा दाबायचा तो नेमका डावा. संध्याकाळी गुडघा शेकायला बसले की तो पावासारखा टम्म फुगलेला असायचा.

“गिअरबॉक्स वाचवताना पाय घालवाल,” मी म्हणायची. “तेलही जाईल, तूपही जाईल.”

“गुडघे मिळतात हल्ली बदलून,” हे म्हणायचे. “रिंगा मिळत नाहीत.”

गाडी चालवणंच बंद ठेवा, असंही सांगून पाहिलं. तर म्हणे, गाडी उभी दिसली की तो विचारेल, काय झालं. ह्या माणसापुढे डोकं आपटावं तेवढं थोडं.

पण खरं तेही सांगते. त्या रविवारपासून जावई बदलला होता. महिन्या-दोन महिन्यांनी यायचा तो आठवड्याला यायला लागला. आला की आधी गाडीच्या बोनेटवर हात ठेवायचा. “बाबा, तेल कसं आहे?”

“जोरदार आहे हो,” हे सांगायचे. ह्यात खोटं काहीच नव्हतं.

मग तो खुर्चीत नीट मागे टेकून बसायचा. दुपारी आडवा व्हायचा. एकदा आपण होऊन लेकीची गोष्ट सांगितली, ती ट्रॅफिकमध्ये शेजारच्या ड्रायव्हरला खिडकीतून क्लच कसा दाबायचा ते शिकवायची त्याची. आम्ही तिघं हसलो, आणि हसता हसता मला आत जावं लागलं. त्या तेलानं पितळ खाल्लं असेल, पण माणूस आणून दिला होता. म्हणून मीही मूग गिळून बसले होते.

वर्ष भरायला थोडे दिवस राहिले असतील. जावई आला होता, हवा छान होती, आम्ही तिघं गाडी काढून फिरायला निघालो. जावई मागे, मी पुढे. येताना बाजारातला चढ लागतो आणि चढ संपतो तिथेच चौक आहे. सिग्नल सुटला, हे निघाले, आणि पहिल्याचा दुसरा करताना ह्यांचा गुडघा अडकला. क्लच दुसऱ्यांदा दाबलाच गेला नाही.

असा आवाज त्या गाडीतून मी कधी ऐकला नव्हता. डब्यात खिळे भरून कुणीतरी तो फरशीवरून ओढावा तसा. गाडीनं दोन गचके खाल्ले, चढावर मागे आली आणि बंद पडली. मागच्यांनी हॉर्नवर हॉर्न वाजवले. चौकातला न्हावी दुकानाच्या दारात उभा होता. तोही ह्यांचाच विद्यार्थी. तो मजेत ओरडला, “काय सर, नवा शिकाऊ का?” मग त्यानं वाकून पाहिलं, स्टीअरिंगवर कोण आहे ते त्याला दिसलं, आणि तो बिचारा मान खाली घालून दुकानात निघून गेला.

कसेबसे घरी आलो. चहा झाल्यावर जावयानं विषय काढला. किती वेळ मनात जुळवत होता कोण जाणे.

“बाबा, रागावू नका. पण आता तुम्ही गाडी चालवू नये असं मला वाटतं.”

हे कपाकडे बघत राहिले.

“गुडघा असा, आणि आज तो गिअर... मागून कुणी पोरगं सायकलवर असतं म्हणजे? वय सगळ्यांचंच होतं, त्यात कमीपणा काही नाही. गाडी विकायचं म्हणत नाही मी. माझ्याकडे नेतो, झाकून ठेवतो. दर रविवारी घेऊन येत जाईन. आपण तिघं जाऊ फिरायला. मी चालवेन.”

एरवी तो चालवणार म्हटल्यावर आम्ही पोट धरून हसलो असतो. त्याच्या हातात गिअर रोजच ओरडायचा, त्यामुळे दोष गाडीत आहे हे त्याला सात जन्मांत कळलं नसतं.

“बरोबर आहे तुमचं,” हे म्हणाले. “हातच राहिला नाही आता.”

आणि खिशातून किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली, त्याच्या बाजूला.

मला वाटलं होतं, हे काहीतरी कारण देतील. चप्पल सटकली म्हणतील, ऊन डोळ्यांवर आलं म्हणतील. पण ज्या एका गोष्टीचा ह्या माणसाला आयुष्यभर अभिमान होता, तीच ह्यांनी आवाजसुद्धा न चढवता देऊन टाकली. उद्या तो न्हावी सगळ्यांना सांगणार, सरांचा हात गेला. आणि सर म्हणणार, हो, गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात मी दिलेला शब्द होता. मी कपबश्या गोळा केल्या, मोरीपर्यंत गेले आणि तशीच हातात ट्रे घेऊन परत आले.

“हात शाबूत आहे त्यांचा,” मी म्हटलं. “तेल चुकलंय.”

“अगं, तू—”

“तुम्ही गप्प बसा. मोडला तर मोडला शब्द.” आणि मी जावयाला सगळं सांगितलं. पाच नंबर मागच्या एक्सलचं असतं, ते पितळ खातं, मिस्त्रीच्या बोटावर काय चमकत होतं, वर्षभर हे दर गिअरला पाय दोनदा कसे दाबत होते आणि गुडघा कसा फुगत होता. “पहिल्या दिवशी डबा हातात घेतला तेव्हाच ह्यांना कळलं होतं. तुम्हाला कळू नये म्हणून हे सगळं.”

जावयाचा चेहरा पांढरा पडला. तो किल्लीकडे बघत होता.

“म्हणजे,” तो म्हणाला, “हेही मीच.”

ह्याच वाक्याला हे वर्षभर भीत होते, आणि मी ते बाहेर काढलं होतं. मी ट्रे खाली ठेवला.

“हेही म्हणजे?” हे म्हणाले. “हेही म्हणजे काय?”

जावयाची नजर किल्लीवरून हलेना.

“इकडे बघ. बघ माझ्याकडे!” ह्यांचा तो आवाज मी किती वर्षांनी ऐकला. शिकवताना कुणी समोर न बघता खाली गिअरकडे बघायला लागलं की तो निघायचा. “अरे, डब्यावर चार-पाच असं ठळक लिहिलेलं असतं. माझ्या गाडीत हात घालण्याआधी एका शब्दानं विचारावं, तर नाही. इतके महिने माझ्या शेजारी बसून शिकलास काय रे तू? ही चूक तुझी. शंभर टक्के तुझी. माझ्या रिंगा खाल्ल्यास तू.”

जावयानं मान वर करून ह्यांच्याकडे पाहिलं.

“पण तिच्या अंगावर नंबर लिहिलेला नव्हता.” ह्यांचा आवाज खाली आला. “काय सोसेल आणि काय नाही, ते डॉक्टरांनाही वाचता आलं नाही. मी असतो तर मीही सगळ्यात वरचंच मागितलं असतं. बापानं दुसरं काय मागायचं? ते ह्यात मिसळायचं नाही. तेलाची चूक तेलाएवढीच.”

त्यानं तोंडावर हात धरले. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर सगळी पाठ हलत होती.

“तुम्ही दोघं कधीच काही बोलला नाहीत,” तो हातांतूनच म्हणाला. “एका शब्दानं नाही. इतकं जपायला लागलात मला, की मला वाटलं, नक्की मीच मारलं तिला.”

“अरे देवा,” मी म्हटलं. आम्ही तिघं तिथे किती वेळ बसून होतो, सांगता येत नाही. कुणी कुणाला गप्प केलं नाही.

मग जावयानं तोंड धुतलं आणि बाह्या सरसावल्या. “आत्ताच काढतो,” म्हणाला.

“आत्ताच काढायचं असतं,” हे म्हणाले. “गाडी चालून आलेली आहे, तेल गरम आहे. गरम असताना सगळं खाली येतं.” आणि लंगडत आत गेले. माळ्यावरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. परत आले ते चार नंबरचा डबा घेऊन. वर धुळीचा थर. जावयानं तेल घातलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी आणून लपवला होता म्हणे, वर्ष भरल्यावर हाताशी असावा म्हणून. माझ्या घरात, माझ्या माळ्यावर, आणि मला पत्ता नाही! ह्याबद्दल मी ह्यांना अजून सोडलेलं नाही.

जावई गाडीखाली गेला. हे वाकू शकत नव्हते, म्हणून जमिनीवरच फतकल मारून बसले आणि वरून सांगत राहिले. मी जुनी परात आणून दिली, चटई जायची ती गेलेलीच होती. बोल्ट सुटला आणि तेलाची जाड धार परातीत पडायला लागली. तोच कुजका वास पुन्हा अंगणभर झाला. उन्हं उतरत होती, तिरपा उजेड परातीवर पडला आणि सगळं तेल सोन्याच्या भुकटीसारखं चमकायला लागलं. केवढं होतं ते!

जावई बाहेर येऊन ह्यांच्या शेजारी बसला. त्यानं परातीत बोट बुडवून उजेडात धरलं.

“हे परत बसवता नाही ना येत?”

“नाही.”

“मग आता?”

“आता जेवढं उरलंय तेवढ्यावर चालवायचं,” हे म्हणाले. “सावकाश. चढाला घाई नाही करायची.”

शेवटचा थेंब पडेपर्यंत कुणी उठलं नाही. मग ह्यांनी डब्यावरची धूळ सदऱ्याच्या बाहीनं पुसली आणि डबा जावयाच्या हातात दिला.

“आधी वाच,” हे म्हणाले. “मोठ्यानं.”

जावयानं डबा उजेडाकडे वळवला आणि त्यावर बोट ठेवून, पहिलीतल्या मुलासारखं, मोठ्यानं वाचलं. “चार.”